‘त्याच वेळी’ म्हणजे नेमकं केव्हा?

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत रोबॉट कुठून आला? आणि तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये कशाला डोकावावं? शंका रास्त आहे. पण रोबॉटचे प्रोग्रॅम लिहिणारी तरुण मंडळी आज ज्या प्रश्नाशी झटापट करताहेत, तो प्रश्न दोनशे वर्षांहून जुना आहे, आणि त्यापायी एका माणसाची नोकरीही गेलेली आहे. तिथपर्यंत आपण जाणारच आहोत. आधी प्रश्न काय ते समजून घेऊ.

एक चाकांवर चालणारा रोबॉट डोळ्यांसमोर आणा. त्याला कॅमेरा आहे, तो सेकंदाला ३० चित्रं घेतो. डोक्यावर गरगर फिरणारा लेझर आहे, तो सेकंदाला १० फेऱ्या मारून भोवतालची अंतरं मोजतो. पोटात हालचाल मोजणारा एक सेन्सर आहे, तो सेकंदाला २०० वेळा आकडे पाठवतो. प्रत्येक जण आपापल्या चालीने संदेश पाठवत असतो, आणि प्रत्येक संदेशावर वेळेचा शिक्का असतो, ज्याला ही मंडळी टाइमस्टँप म्हणतात. आता मधल्या प्रोग्रॅमने ठरवायचं, की कॅमेऱ्याच्या कुठल्या चित्राशी लेझरची कुठली फेरी जोडायची. चित्रात माणूस दिसतो. तो किती लांब आहे हे लेझर सांगतो. दोन्ही एकाच क्षणाची असतील तरच ‘माणूस इतक्या अंतरावर आहे’ हे विधान खरं. नाहीतर ती दोन वेगवेगळ्या भूतकाळांची खिचडी.

फरक कितीसा पडणार? हिशोब करून बघू. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदात साधारण १६.७ मीटर जाते. कॅमेरा आणि लेझर यांच्यात ५० मिलिसेकंदांची तफावत असली, म्हणजे एका सेकंदाच्या विसाव्या भागाची, तर ऐंशी सेंटिमीटरहून जास्त चूक झाली. गाडी वळत असेल तर आणखी पंचाईत. सेकंदाला ३० अंश या वेगाने ती वळत असली तर तेवढ्याच वेळात दीड अंश फिरते, आणि २० मीटरवरचा माणूस अर्धा मीटर बाजूला सरकलेला दिसतो. फुटपाथवरचा माणूस रस्त्यात दिसला तर गाडी उगाच थांबेल, तेवढंच. रस्त्यातला माणूस फुटपाथवर दिसला तर?

आता ग्रिनिचला जाऊ. साल १७९६. वेधशाळेत राजज्योतिषी होते नेव्हिल मॅस्केलिन आणि त्यांचा सहायक होता डेव्हिड किनेब्रुक. काम असं, की दुर्बिणीत उभे धागे ताणलेले आहेत, आकाशातला तारा सरकत सरकत त्या धाग्यावरून नेमका किती वाजता गेला ते नोंदवायचं. त्यासाठी ‘डोळा आणि कान’ नावाची पद्धत होती. घड्याळाकडे बघून सेकंद मनात धरायचा, मग डोळा दुर्बिणीला लावायचा आणि कानाने लंबकाचे ठोके मोजत राहायचं. एका ठोक्याला तारा धाग्याच्या अलीकडे कुठे होता आणि पुढच्या ठोक्याला पलीकडे कुठे गेला, हे लक्षात ठेवून मधला क्षण सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाजाने काढायचा.

बघा, हे काय आहे? दोन सेन्सर आहेत. एक डोळा, एक कान. दोघांचे संदेश जुळवून ‘हे आणि ते एकाच वेळी घडलं’ असं विधान करायचं आहे. रोबॉटचाच प्रश्न, फक्त रोबॉटच्या जागी सरकारी पगारावरचा माणूस.

१७९५ च्या ऑगस्टपासून किनेब्रुकच्या नोंदी मॅस्केलिन यांच्या नोंदींपेक्षा अर्ध्या सेकंदाने उशिराच्या येऊ लागल्या. त्याला सांगून पाहिलं. फरक कमी होण्याऐवजी जानेवारीपर्यंत ०.८ सेकंदावर गेला, आणि त्याला घरी पाठवण्यात आलं. ०.८ सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटेल. पण विषुववृत्तावर जमीन सेकंदाला साधारण ४६५ मीटर फिरते, तेव्हा ०.८ सेकंदाची चूक म्हणजे पावणेचारशे मीटरची चूक झाली. जहाजांचे नकाशे आणि कोष्टकं ज्या वेधशाळेच्या आकड्यांवर तयार होत, तिला हे चालणार नव्हतं. मॅस्केलिन यांना आम्ही दुष्ट म्हणणार नाही. त्यांनी ही सगळी हकीकत वेधांच्या नोंदींबरोबर स्वतःच छापली. ती छापली म्हणूनच पुढचं घडलं.

ही हकीकत वीसेक वर्षांनी फ्रीडरिश बेसेल यांच्या वाचनात आली. बेसेल कोनिग्सबर्गला होते. (कोनिग्सबर्ग म्हणजे कांटचं गाव, हे सांगितल्याशिवाय आमच्यासारख्यांना राहवत नाही.) त्यांना शंका आली, की किनेब्रुक आळशी किंवा बेफिकीर नसेलच तर? १८२० च्या दशकात त्यांनी स्वतःचे वेध इतर नामांकित ज्योतिर्विदांच्या वेधांशी ताडून पाहिले. किनेब्रुकच्या कितीतरी वरचढ अशा माणसांमध्येसुद्धा एक सेकंदाहून अधिक फरक निघाला. प्रत्येकाचा उशीर वेगळा, पण बराचसा ठरलेला. याला पुढे ‘वैयक्तिक समीकरण’ असं नाव पडलं.

आमच्या मते या इतिहासातलं हे खरं वळण आहे. उशीर हा गुन्हा न राहता राशी झाला, म्हणजे मोजायची आणि वजा करायची गोष्ट झाली. आज कॅमेरा आणि हालचालीचा सेन्सर एकत्र बसवले की आधी त्यांच्यातला वेळेचा फरक मोजून काढतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात तयार झालेलं ‘कॅलिबर’ नावाचं सॉफ्टवेअर दोघांची जोडी हलवून-डुलवून हेच काम करतं. बेसेलनी माणसांचं केलं, हे यंत्रांचं करतात. यंत्राला नोकरीवरून काढून भागत नाही हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्याकडच्या नैयायिकांना हे ऐकून आश्चर्य वाटलं नसतं. दोन ज्ञानं एकदम उपजत नाहीत, यावरूनच तर न्यायदर्शन मनाचं अस्तित्व सिद्ध करतं. मन अणू आहे, एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं. मग सगळं एकदम कळल्यासारखं का वाटतं? तर कमळाच्या शंभर पाकळ्यांची चळत करून सुई आरपार घातली, की सगळ्या एकदम भोसकल्या गेल्या असं वाटतं, पण सुई गेलेली असते एकीनंतर एक. किनेब्रुकचं मन आधी डोळ्याकडे गेलं की कानाकडे, यावर त्याची नोकरी अवलंबून होती. असो. नैयायिकांनी टाइमस्टँपचा शोध लावला असं कोणी समजू नये. तसं सांगणारे खूप आहेत, त्यांत आमची भर नको.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत वेधांसाठी विजेची तार वापरात आली. तारा धाग्यावर आला की निरीक्षकाने बटण दाबायचं, आणि फिरत्या कागदावर घड्याळाच्या खुणांशेजारी आणखी एक खूण उमटायची. म्हणजे शिक्का मारण्याचं काम मनाकडून काढून घेतलं आणि यंत्राकडे दिलं. तेव्हापासून आजपर्यंत एकच धडपड चालली आहे, शिक्का घटनेच्या जास्तीत जास्त जवळ नेण्याची.

ही ‘जवळ’ची गोष्ट नीट समजून घेऊ, कारण रोबॉटचं अर्धं दुखणं इथेच आहे. जुन्या काळचं पत्र आठवा. पत्राच्या डोक्यावर लिहिणाऱ्याने तारीख घातलेली असायची. पाकिटावर ते ज्या टपाल कार्यालयात पडलं तिथला शिक्का, आणि मागच्या बाजूला पोचलं तिथला शिक्का. तीन तारखा. पत्रात ‘आज बाबांना ताप आहे’ असं लिहिलेलं असेल, तर ‘आज’ म्हणजे कुठली तारीख? पोस्टमनने पत्र हातात दिलं तो दिवस नक्कीच नव्हे. पण कॅमेऱ्याचे कितीतरी ड्रायव्हर नेमकं हेच करतात. चित्र घेतलं गेलं तो क्षण कॅमेऱ्यात राहतो. मग ते तारेतून सरकत संगणकात येतं, रांगेत थांबतं, आणि प्रोग्रॅमच्या हाती पडतं तेव्हा त्यावर ‘आत्ता’चा शिक्का बसतो. हा उशीर कायम सारखा असता तर बेसेलसारखा वजा केला असता. तो संगणकाच्या कामाच्या ओझ्याप्रमाणे कमीजास्त होतो. संध्याकाळी उजेड कमी झाला की कॅमेरा भिंग जास्त वेळ उघडं ठेवतो, म्हणजे ‘चित्राचा क्षण’ हाही क्षण राहत नाही, लांबट तुकडा होतो. दिवसा बरा चालणारा रोबॉट संध्याकाळी थोडा वेंधळा होण्यामागे असंही कारण असू शकतं.

दुसरी अडचण, शिक्का कोणाच्या घड्याळाचा? हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे चालायची मद्रास वेळेवर, ती मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी, पुण्यात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे त्यांनीच, मुंबईत मद्रास वेळ लागू करायचा प्रयत्न केला. लोकांनी तो हाणून पाडला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, मुंबईच्या ३९ मिनिटं पुढची, तरी मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या. ‘सहा वाजता भेटू’ म्हटलं की कुठले सहा, हे विचारावं लागे. माणसं विचारून घेतात. प्रोग्रॅम विचारत नाही. रोबॉटमध्ये दोन संगणक असले आणि त्यांची घड्याळं एकमेकांपासून सरकलेली असली, तर शिक्के दोन्हीकडे व्यवस्थित, नॅनोसेकंदापर्यंत लिहिलेले, आणि तरी जोडी जुळवणारा प्रोग्रॅम फसतो. आकडा बारीक असणं आणि खरा असणं यांत फरक आहे.

मग घड्याळं जुळवायची कशी? इथे आपण आमच्या घरच्या अंगणात येतो. १८९८ मध्ये आंरी प्वांकारे यांनी काळाच्या मोजणीवर एक निबंध लिहिला. प्वांकारे नुसते गणिती नव्हते, पॅरिसच्या रेखांश कार्यालयाचे सदस्य होते, आणि तारेने घड्याळं जुळवून दूरच्या ठिकाणांचे रेखांश काढणं हे तिथलं रोजचं काम. त्यांनी विचारलं, की दोन दूरच्या घटना एकाच वेळी घडल्या असं म्हणताना आपण काय पाहिलेलं असतं? पाहिलेलं काहीच नसतं. आपण एक नियम ठरवलेला असतो. १९०५ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयातल्या आइन्स्टाइन यांनी तो नियम स्पष्ट मांडला. इथून प्रकाशाचा संदेश पाठवा, तिथून तो परत येऊ द्या. जायला जितका वेळ लागला तितकाच यायला लागला असं धरा. एकूण वेळेचा निम्मा घ्या आणि तिथलं घड्याळ त्याप्रमाणे लावा. पुढे हान्स रायखेनबाख यांनी बोट ठेवलं ते ‘निम्म्या’वर. जाण्याचा वेळ वेगळा मोजायचा तर दोन्ही टोकांची घड्याळं आधीच जुळलेली हवीत, आणि ती जुळवायलाच तर आपण निघालो होतो. तेव्हा निम्मा हा शोध नव्हे, ठराव आहे.

आम्ही हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, आणि विद्यार्थी जांभया देत. त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं, की हाच ठराव तुमच्या संगणकात चालू आहे. डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी इंटरनेटवर घड्याळं जुळवण्याची पद्धत बांधली, एन.टी.पी. तिचं पहिलं विवरण १९८५ चं. तिच्यात चार शिक्के असतात. मी विचारलं केव्हा, तुला पोचलं केव्हा, तू उत्तर दिलंस केव्हा, मला मिळालं केव्हा. एकूण प्रवासाचा वेळ काढायचा आणि जाणं-येणं सारखं आहे असं धरायचं. आइन्स्टाइन यांच्या बाबतीत हे धरल्याने कोणाचं बिघडत नाही. जाळ्यावर बिघडतं, कारण एका दिशेला गर्दी असली आणि दुसरीला नसली, तर घड्याळ त्या फरकाच्या निम्म्याने चुकीचं लागतं, आणि त्या चार शिक्क्यांकडे कितीही निरखून पाहिलं तरी ही चूक दिसत नाही.

लेस्ली लॅम्पोर्ट यांचा १९७८ चा प्रसिद्ध लेख याच परंपरेतला. त्यांनी म्हटलं, की वेगवेगळ्या संगणकांवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ ठरवायला घड्याळ लागतंच असं नाही. संदेश पाठवणं हे तो मिळण्याच्या आधी, एवढं धरून पुष्कळ क्रम लागतो. बँकेच्या हिशोबाला हे चालतं. रोबॉटला चालत नाही, कारण त्याला क्रम नको आहे. रस्ता ओलांडणारा माणूस आता कुठे आहे ते त्याला हवं आहे, आणि माणूस संदेशांची वाट बघत उभा राहत नाही.

घड्याळ सरकल्याने काय होतं याचं सर्वांत दुःखद उदाहरण २५ फेब्रुवारी १९९१ चं, सौदी अरेबियातल्या धाहरानचं. आखाती युद्ध चालू होतं. अमेरिकेच्या पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं काम असं, की रडारला शत्रूचं क्षेपणास्त्र दिसलं की त्याची जागा, वेग आणि दिसल्याची वेळ यांवरून पुढच्या क्षणी ते कुठे असेल ते काढायचं आणि आकाशाच्या तेवढ्याच तुकड्यात बघायचं. घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत असे. पण दहावा भाग संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. २४ बिटांत जेवढा मावला तेवढा ठेवला, बाकीचा तुटला. तुटलेला कण नगण्य होता. यंत्रणा सुमारे १०० तास बंद न करता चालू राहिली आणि कणाकणाने चूक एक तृतीयांश सेकंदावर गेली. स्कड क्षेपणास्त्र तेवढ्यात अर्ध्या किलोमीटरहून जास्त जातं. रडारने चुकीच्या तुकड्यात पाहिलं, तिथे काही नव्हतं. २८ सैनिक मेले.

यातली एक बारीक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. घड्याळ चुकलं हे अर्धंच कारण होतं. दोन्ही वेळा सारख्याच चुकल्या असत्या तर वजाबाकीत चूक जवळजवळ निघून गेली असती. पण सॉफ्टवेअरमध्ये काही ठिकाणी वेळेचं जास्त अचूक रूपांतर नव्याने घातलं होतं आणि काही ठिकाणी जुनंच राहिलं होतं. म्हणजे पुन्हा मुंबई वेळ आणि मद्रास वेळ. सुधारलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं दुसऱ्या दिवशी, २६ फेब्रुवारीला.

आता रोबॉटकडे येऊ. ८ ऑक्टोबर २००५, अमेरिकेतलं मोहावी वाळवंट. संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने विनाचालक गाड्यांची शर्यत ठेवली होती, २१२ किलोमीटरची. २३ गाड्या सुटल्या, ५ पोचल्या, आणि पहिली आली स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅनली’, सात तासांच्या थोडी आत. तिच्या चमूने नंतर सविस्तर लेख लिहिला. त्यात त्यांचं एक धोरण आहे, ते आम्हांला फार महत्त्वाचं वाटतं. गाडीतले सगळे प्रोग्रॅम एका तालावर चालवायचा हट्ट त्यांनी सोडला. प्रत्येकाने आपल्या चालीने चालावं. मात्र प्रत्येक माहितीवर सगळ्यांना सामाईक अशा वेळेचा शिक्का असावा, आणि जोडायचं काम त्या शिक्क्यावरून व्हावं. कवायत सोडली आणि दप्तर पक्कं केलं, म्हणा ना.

आणि गंमत बघा. त्याच शर्यतीत लेझरच्या नोंदी मधूनमधून काही क्षण अडकत होत्या. त्या अडकून उशिरा आल्या की शिक्के चुकत. गाडी तोवर पुढे गेलेली असे. जुन्या नोंदी नव्या जागेवर मांडल्या जात आणि सपाट रस्त्यात नसलेले अडथळे उभे राहत. अशा भुताटकीला चुकवायला स्टॅनली रस्त्यातून बाजूलाही वळली. जिंकलेल्या गाडीची ही कथा. न जिंकलेल्यांपैकी कोणाकोणाला शिक्क्यांनी दगा दिला असेल ते त्यांचं त्यांना माहीत.

याच स्टॅनफर्डच्या परिसरातून पुढे रॉस निघालं, रोबॉट ऑपरेटिंग सिस्टिम. २००७ पासून कॅलिफोर्नियातल्या विलो गॅरेज या संस्थेने ते वाढवलं आणि सर्वांना फुकट दिलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही रोबॉट बहुधा त्यावरच चालतो. त्यात सेन्सरच्या संदेशाला एक मथळा असतो. सेकंद, नॅनोसेकंद, आणि ही माहिती रोबॉटच्या कुठल्या भागाच्या नजरेतून आहे त्याचं नाव. केव्हा आणि कुठून. पत्राच्या डोक्यावरची तारीख आणि गाव.

जोड्या जुळवायला त्यात दोन तऱ्हा आहेत. पहिली कडक. शिक्के नॅनोसेकंदापर्यंत तंतोतंत सारखे असतील तरच जोडी लावायची. एकाच उपकरणातून एकच शिक्का घेऊन निघालेल्या संदेशांना ती चालते. स्वतंत्र कॅमेरा आणि लेझर यांना लावली तर जन्मात जोडी जमणार नाही. दुसरी ‘अंदाजे’ची, आणि व्यवहारात हीच चालते. शाळेच्या पेपरात ‘जोड्या लावा’ असायचं, तसंच हे आहे, फक्त उजवीकडचा स्तंभ अजून छापून यायचा आहे. प्रत्येक सेन्सरची एक रांग. सगळ्या रांगांत निदान एक संदेश आला की त्यांतला सर्वांत उशिराचा खुंटीसारखा धरायचा, आणि त्याच्याभोवती इतरांतले असे निवडायचे, की पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचं अंतर कमीत कमी होईल. एकदा वापरलेला संदेश पुन्हा वापरायचा नाही.

इथे एक पेच आहे. आत्ताची जोडी सर्वांत चांगली, हे केव्हा कळणार? पुढचा संदेश आल्यावर. तो याहून जवळचा निघाला असता तर? म्हणून प्रोग्रॅम थांबतो. अचूकतेची किंमत उशिराने मोजावी लागते, आणि रोबॉट पुढे चाललेला असतो. थांबावं किती, ही मर्यादा कोणीतरी माणूस आकड्यात लिहून ठेवतो. पुष्कळदा तो आकडा दुसऱ्या कोणाच्या तरी प्रोग्रॅममधून जसाच्या तसा उचललेला असतो. एका दशांश सेकंदाची सूट दिली, तर त्याचा अर्थ असा, की या रोबॉटपुरतं एक दशांश सेकंदाच्या आतलं सगळं ‘त्याच वेळी’ घडलेलं मानलं जाईल. खोलीत फरशी पुसणाऱ्या रोबॉटला हे ठीक आहे. रस्त्यावरच्या गाडीला काय होतं ते आपण सुरुवातीलाच मोजलं. रायखेनबाख यांचा ठराव निदान लेखात छापलेला होता. हा ठराव प्रोग्रॅमच्या एखाद्या ओळीत निमूट बसलेला असतो.

आणखी एक धोका. दोन सेन्सरपैकी एक बंद पडला, तर जोडी जमणं थांबतं. चूक झाली असा संदेश येत नाही, काहीच येत नाही. दुसरा सेन्सर उत्तम चाललेला असतो, पण त्याचंही बोलणं पुढे जात नाही. म्हणून जाणते लोक बाहेरून एक पहारेकरी प्रोग्रॅम ठेवतात, बराच वेळ जोडी आली नाही तर गाडी थांबवणारा.

रॉसमध्ये ‘टीएफ’ नावाचा एक भाग आहे, तो आम्हांला वैचारिक दृष्ट्या फार आवडतो. रोबॉटचा हात, डोकं, चाकं एकमेकांपासून कुठे होती याची वेळेसह नोंद तो ठेवतो, साधारणपणे मागच्या १० सेकंदांची. त्याला विचारायचं, की या शिक्क्याच्या क्षणी कॅमेरा कुठे होता? अलीकडची आणि पलीकडची नोंद घेऊन तो मधली जागा काढतो, अगदी किनेब्रुक दोन ठोक्यांमधला क्षण काढत असे तसा. पण त्याच्याकडच्या शेवटच्या नोंदीच्या पुढचा क्षण विचारला तर तो उत्तर नाकारतो आणि भविष्यात जायला सांगू नका अशा अर्थाची तक्रार करतो. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने ही तक्रार पडद्यावर पाहिलेली असते. ती बंद करायची एक पळवाटही सगळ्यांना सापडते. वेळेच्या जागी शून्य लिहायचं, म्हणजे ‘तुझ्याकडे ताजं असेल ते दे’. तक्रार थांबते आणि रोबॉट चालतो. पण मग शिक्क्याचा उपयोग काय राहिला? मॅस्केलिन यांना नको असलेला आकडा किनेब्रुकने लिहिलाच नाही, तर फरक दिसला नसता आणि बेसेलही झाले नसते. यंत्र ‘मला माहीत नाही’ म्हणतं तेव्हा त्याचं ऐकायचं सोडून त्याचं तोंड बंद करणं आम्हांला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

आता शेवटी, एक प्रश्न आधीच लिहून आला आहे तो घेऊ. ‘एवढी जुळवाजुळव करण्यापेक्षा सगळे सेन्सर एका घड्याळाला बांधून एकदमच का चालवत नाहीत?’ चालवतात, जिथे खर्च परवडतो तिथे. २००२ मध्ये आयईईईचं १५८८ क्रमांकाचं प्रमाण आलं, त्यात शिक्का सॉफ्टवेअरऐवजी जाळ्याच्या हार्डवेअरमध्येच मारायची सोय झाली, आणि घड्याळं मायक्रोसेकंदाच्याही आत जुळू लागली. जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरात २०११ मध्ये एका गाडीवर कॅमेरे आणि फिरता लेझर बसवून माहिती गोळा केली गेली. ‘किट्टी’ या नावाने ती जगभर वापरली जाते. तिथे कॅमेऱ्यांचं बटण लेझरच दाबायचा. फिरत फिरत तो बरोबर समोर आला की चित्र टिपलं जाई. जोडी जुळवायचा प्रश्नच नाही.

पण लेझरची एक फेरी सेकंदाच्या दहाव्या भागाची. समोरचे बिंदू चित्राच्या क्षणाचे, बाजूचे त्याच्या २५ मिलिसेकंद मागेपुढे, पाठीमागचे ५० मिलिसेकंद. त्या एका फेरीत सुमारे एक लाख बिंदू, आणि फेरीच्या आतच गाडी पुढे गेलेली. म्हणून आता बरेच लेझर प्रत्येक बिंदूबरोबर त्याची स्वतःची वेळ पाठवतात, आणि प्रोग्रॅम एकेक बिंदू गाडीच्या हालचालीप्रमाणे मागेपुढे सरकवून पुन्हा एका क्षणावर आणून बसवतो. तो क्षण कुठला, हे अर्थातच आधी ठरवावं लागतं. कोणी फेरीची सुरुवात घेतं, कोणी शेवट, कोणी मध्य.

पुढच्या व्याख्यानात आपण लीप सेकंदाकडे वळू.